सैल झालेला करदोडा

माझे वडील नांदगावजवळच्या एका खडी क्रशरवर कामाला होते. दगडाची भुकटी अंगावर, पापण्यांवर, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा. संध्याकाळी ते घरी आले की माय आधी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायची आणि अंगणातून पांढरा ओघळ वाहत जायचा. मी पाचवीत असताना त्यांना खोकला लागला, तो गेलाच नाही. टीबी निघाला. गोळ्या सुरू व्हायच्या, जरा बरं वाटलं की ते पुन्हा क्रशरवर जायचे आणि गोळ्या सुटायच्या. घरी बसलं तर चूल कशी पेटणार, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. माय कांदे निवडायला खळ्यावर जायची. ताटात भाकरी आणि ठेचा, बरा दिवस असेल तर बेसन.

वडिलांच्या कमरेला काळा करदोडा असायचा, आपल्याकडच्या पुष्कळ पुरुषांच्या असतो तसा. ते वाळायला लागले तसा तो खाली घसरायला लागला. माय गाठ सोडायची, दोरा आत ओढायची, पुन्हा गाठ मारायची. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. उरलेलं टोक लोंबायला लागलं, पण ते तिने कापलं नाही. म्हणायची, "ऱ्हाऊ दे. अंग भरलं की लागंल." अंग भरलं नाही. ते गेले तेव्हा आंघोळ घालायच्या आधी कोणीतरी विळ्याने तो करदोडा कापला. आमच्याकडे जिवंत माणसाचा करदोडा कापत नाहीत. मी दारात उभा राहून ते पाहिलं.

हे आधी सांगितलं, कारण माझा आजार पोट सुटण्याचा होता आणि आमच्या घरात त्याला आजार म्हणायला कोणी तयार नव्हतं. आमच्याकडे वाळणं हा आजार. अंगाने भरणं म्हणजे बरे दिवस.

साहेबाचं पोट

मी शिकलो. वसतिगृहात राहून नाशिकला बी.कॉम. झालो. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी आहे, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या आहेत त्यांनी हे वाक्य सोडून पुढे वाचावं. एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागलो, नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर केलं. बायको कविता बालवाडीत शिकवते. मुलगी आर्या शाळेत जाते.

काम खुर्चीवरचं. कोणाची बढती, कोणाची नवी गाडी, कोणाच्या पोराचा निकाल, काहीही झालं की समोसे. सुट्टीत नांदगावला गेलो की माय ताट वाढायची आणि समोर बसायची. "खा. तुझ्या बापाला मिळालं नाय," म्हणायची. या वाक्यापुढे नको म्हणायची माझी काय टाप होती?

जयंतीला वस्तीत सगळे नवे कपडे घालतात. माय मला कपड्यांबरोबर नवा करदोडाही द्यायची. आम्ही बौद्ध, गंडेदोरे आणि ताईत आमच्या घरात नाहीत. करदोड्याचं विचारलं की माय म्हणायची, "तो देवाचा नाय, कमरेचा हाय." विषय संपला. बाजारातून आणलेला दोरा ती माझ्या कमरेभोवती धरायची आणि चार बोटं जास्त ठेवून गाठ मारायची. लहान पोराला शर्ट वाढत्या अंगाचा घेतात, तसा. पुढच्या जयंतीपर्यंत ती चार बोटं भरलेली असायची. मग ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "माझ्या लेकाला जुना दोरा पुरत नाय बाई."

आता यात काय झालं ते पाहा. दोरा दरवर्षी नवा आणि आधीच सैल, त्यामुळे तो मला कधी काचलाच नाही. पॅन्ट मी पोटाच्या खाली घालायचो, त्यामुळे पॅन्टचं माप वर्षानुवर्षं छत्तीस. हातपाय बारीक, चेहरा लांबट. फोटोत मी चांगला दिसायचो. माझं पोट वाढतंय हे मला सांगेल असं घरात काहीच उरलं नव्हतं. जे सांगू शकलं असतं ते आम्ही दरवर्षी प्रेमाने बदलत होतो.

बेंबीवरचा फुगवटा

आमच्या कचेरीत पगारे म्हणून आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते कोणाची तरी नक्कल करत होते आणि मी पोट धरून हसत होतो. हाताला बेंबीपाशी काहीतरी मऊ, लिंबाएवढं लागलं. हसू थांबलं तसं ते आत गेलं. पुढे खोकलं की यायचं, आडवं झालं की जायचं. मी कोणाला बोललो नाही. दुखत नाही ते कशाला उकरायचं.

कविताच्या नजरेतून सुटलं नाही. "दाखवून येऊ," ती म्हणाली.

"जातं ना आत."

"आत जातं म्हणूनच म्हणते. जायचं बंद झालं तर?"

गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात गेलो. सर्जन बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी मला झोपवलं, खोकायला लावलं, फुगवटा बोटांनी आत ढकलला. म्हणाल्या, "हर्निया. बेंबीपाशी पोटाची भिंत फाकली आहे, तिथून आतलं बाहेर डोकावतंय. कमरेचं माप किती?"

"छत्तीस," मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी टेप घेतली. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावली, म्हणाल्या, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. टेप एक्केचाळीस इंचांवर गेली. मी म्हटलं, टेप सैल असेल. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी मोजलं. एक्केचाळीस.

"छत्तीस ही तुमच्या पॅन्टची कंबर," त्या म्हणाल्या. "पोट तिच्यावरून बाहेर पडलंय." मग करदोड्याखाली बोट घालून विचारलं, "हा किती वर्षांचा?"

"यंदाचा. आई दरवर्षी नवा बांधते. थोडा सैल ठेवून."

त्या हसल्या. टोमणा नव्हता त्यात. "म्हणजे मोजायची दोरी होती घरात. तुम्ही तीच लांबवत होतात."

रक्त तपासलं. साखर काठावर, लिव्हरवर चरबी. त्यांनी सरळ सांगितलं की ऑपरेशन करून जाळी बसवावी लागेल, पण एवढ्या पोटाच्या दाबाखाली जाळी टिकायची खात्री नाही आणि भूल द्यायलाही जोखीम. आधी कंबर उतरवा, मग करू. "पण एक लक्षात ठेवा. हे आत जायचं बंद झालं, दुखायला लागलं, उलटी झाली, तर आतडं अडकलं असं समजा आणि असाल तसे या. तेव्हा माप बघत बसता येणार नाही."

परत येताना रिक्षात मी हिशेब करत होतो. एकीकडे कंबर उतरवायची, दुसरीकडे त्याआधी हे अडकायची भीती. आधी काय होईल ते माहीत नव्हतं. कविताने माझा हात धरला होता. तिने एकदाही "मी सांगत होते" असं म्हटलं नाही. आजही त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मोजायला शिकणं

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा मी वजनकाटा आणला आणि वेड्यासारखा त्यावर चढायला लागलो. सकाळी, जेवून, आंघोळ करून. आकडा कमी दिसला की आनंद, वाढला की जेवणावर राग. सर्जन बाईंनी समजावलं की पोटातलं पाणी, मीठ, साफ होणं न होणं, याने काटा हलतच राहतो. वजन आठवड्यातून एकदा करायचं. ठरलेला वार, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही न खाता, तेच कपडे, तोच काटा. आणि आपण भारतीयांनी कंबर वजनाइतकीच जपून मोजायची, कारण आपल्या अंगावर चरबी आधी पोटात साठते. वजन ठीक दिसतं आणि पोट मात्र वाढत असतं. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ऐंशीच्या. उंचीच्या निम्म्याहून कंबर जास्त नको, हा आणखी एक सोपा हिशेब त्यांनी दिला. कविताने घरी आल्यावर स्वतःची मोजली आणि टेप गुंडाळून ठेवत म्हणाली, "उद्यापासून मी पण येते चालायला."

नोटांच्या प्रेसच्या लांब भिंतीच्या कडेने आम्ही सकाळी चालायचो. वजन उचलायची मला मनाई होती. ताटात आधी भाजी, काकडी, उसळ, मग एक भाकरी आणि थोडा भात. समोसा बंद. अण्णा पगारे म्हणाले, "काय रे, सकाळी चालतो, समोसा सोडला, निवडणुकीला उभा राहतोस का?" पण पुढच्या पार्टीला त्यांनी न सांगता माझ्यासमोर भाजलेल्या शेंगांची पुडी ठेवली.

आणि मी ठरवलं, करदोडा बदलायचा नाही. हाच.

माय येते

ऑपरेशनचं कळल्यावर माय नांदगावहून राहायला आली. पहिल्याच दिवशी माझं ताट पाहून तिने कविताला धारेवर धरलं.

"येकच भाकर? कचेरीत जाणारा माणूस हाय त्यो."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरनी सांगितलं म्हणून नवऱ्याला वाळवशील व्हय?"

कविता आत निघून गेली. घरात दोन बायकांचं बोलणं भांड्यांच्या आवाजातून व्हायला लागलं. मी मधे. माझ्या डब्यात चपातीखाली गूळ-शेंगदाण्याचा लाडू सापडायला लागला. आईने दिलेला लाडू परत कसा न्यायचा, म्हणून मी खायचो. कंबर हलेना. शेवटी आर्यानेच जेवताना सांगितलं, "आजी बाबांच्या डब्यात रोज खाऊ ठेवते, मला एकच देते."

कविता हसलीही नाही, रागावलीही नाही. मला म्हणाली, "तुम्ही बोला त्यांच्याशी."

मी मायजवळ बसलो. "माय, लाडू नको देऊ."

ती लुगड्याच्या काठाशी चाळा करायला लागली. मग म्हणाली, "आंघुळीला जाताना पाह्यला मी. तुझा करदोडा ढिला झालाय. तुझ्या बापाचा असाच झाला व्हता."

  वडिलांचा करदोडा कापताना दार धरून उभा राहिलेला तो पाचवी-सहावीतला मुलगा मीच होतो, आणि तेव्हा ती कुठे पाहत होती हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या तपासणीला कविता तिला सोबत घेऊन आली. ही तिची कल्पना. सर्जन बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून मायशी बोलायला लागल्या.

"मावशी, तुमचे मालक आजाराने वाळले. आजाराने वाळतो त्याची ताकद जाते. भूक जाते, झोप जाते, जिना चढवत नाही. याचं उलटं व्हायला पाहिजे. तुम्ही याच्यावर लक्ष ठेवा. न जेवता, न चालता आपोआप वाळायला लागला, दमायला लागला, तर मला सांगा. त्याला विचारत बसू नका."

"तुमाला सांगू?"

"मलाच."

त्या दिवसापासून माय संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायला लागली. मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो की माझी छाती बघायची. "आज दम लागला." "आज नाय लागला." शेजारचे विचारायचे, काय मावशी, कोणाची वाट बघता? ती म्हणायची, "डॉक्टरीनबाईंनी काम दिलंय मला." लाडू बंद झाले. कविताला ती मेथी निवडून द्यायला लागली. भांडी शांत झाली.

वजन मधे काही आठवडे एका जागी अडून राहिलं. मी निराश झालो, काटा उचलून माळ्यावर टाकणार होतो. पण करदोड्याखाली आता अख्खा तळहात जात होता. वजन थांबलं होतं, कंबर थांबली नव्हती. ती दोरी नसती तर मी तिथेच सोडून दिलं असतं.

दळणाचा डबा

एका रविवारी सकाळी गिरणीतून दळणाचा डबा मी स्वतः उचलून वर आणला. अंगात ताकद आल्याचा माज, दुसरं काय. दारात डबा ठेवला आणि बेंबीपाशी कळ आली. फुगवटा बाहेर, कडक, हात लावू देईना. आडवा झालो तरी आत जाईना. मग उलटी झाली. कविताने रिक्षा बोलावली.

नाशिक रोडहून गंगापूर रोड एवढा लांब मला कधी वाटला नव्हता. माय शेजारी बसून हळू आवाजात वंदना म्हणत होती. मी डोळे मिटून एवढाच विचार करत होतो, की आर्याने मला दारात पाहू नये. म्हणजे मी जसं वडिलांना पाहिलं तसं.

बाई आल्या. बर्फाचा शेक, दुखणं कमी करायचं इंजेक्शन, पाय उंच, आणि मग त्यांच्या बोटांचा सावकाश दाब. फुगवटा आत गेला. मला रडू आलं.

"या वेळी गेलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी जाईलच असं नाही. लक्ष ठेवू, आणि उद्या सकाळी करून टाकू."

"पण कंबर अजून अडतीस आहे."

"सांगितलं तेवढी उतरली नाही, खरंय. पण साखर खाली आलीये, दम वाढलाय. पहिल्यांदा आलात तसेच आज आला असतात तर मी घाबरले असते. आज नाही."

सकाळी ऑपरेशनला न्यायच्या आधी सिस्टर तयारी करायला आल्या. हिरवा गाऊन, अंगावर दागिना नाही, धागा नाही. त्यांनी करदोडा पाहिला आणि ट्रेमधून कात्री घेतली.

माय स्टुलावरून उठली. "कापायचा नाय."

"मावशी, आत चालत नाही."

"आत नका नेऊ. पर कापायचा नाय. जित्या माणसाचा कापत नसत्यात."

सिस्टर थांबल्या. त्या रागावल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. कविताने गाठ सोडून पाहिली. रोजच्या आंघोळीने ती दगडासारखी घट्ट झाली होती, नख शिरेना. बाहेर वॉर्डबॉय गाडी घेऊन उभा. सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

मायने कविताला बाजूला केलं. माझ्या दोन्ही बाजूंनी दोऱ्यात बोटं घातली आणि खाली ओढलं. करदोडा कमरेच्या हाडांवरून घसरला, मांड्यांवरून आला, मी पाय उचलले आणि तो गाठीसकट अख्खा तिच्या हातात आला.

"कापायची गरजच नव्हती की," सिस्टर म्हणाल्या आणि कात्री ट्रेमध्ये ठेवली.

माय हातातल्या त्या काळ्या कड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लयच ढिला झाला व्हता." हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच भीतीशिवाय ऐकला. तिने तो मनगटाला गुंडाळला आणि गाडीबरोबर दारापर्यंत आली.

नंतर

शुद्धीवर आलो तेव्हा घसा कोरडा आणि पोटावर कोणी पाटा ठेवल्यासारखं. खोकायचं तर उशी पोटाला दाबून धरायची, हे सिस्टरांनी शिकवलं, आणि तेवढ्याने केवढा आधार वाटतो ते ज्याने खोकलं त्यालाच कळेल. अण्णा भेटायला आले. आल्या आल्या म्हणाले, "आज नक्कल नाही, टाके उसवतील," आणि तेवढ्यावरच मला हसू आलं, उशी दाबून हसलो. माय मुगाची पातळ खिचडी भरवत होती. दोन घास जास्त द्यायला तिचा चमचा पुढे आला, मधेच थांबला, आणि ती स्वतःच म्हणाली, "बास. पुरं." कविताने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून हसली.

जखम पूर्ण भरल्यावर बाईंनी करदोडा बांधायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मायने तोच जुना काढला. सुईने उकरून उकरून ती गाठ सोडली. माझ्या कमरेभोवती धरला आणि दोरा आत ओढला, वडिलांचा ओढायची तसा. सैल चार बोटं ठेवली नाहीत, एक बोट ठेवलं. उरलेलं टोक लोंबत होतं. तिने ते बोटांत धरून पाहिलं. मग आर्याला म्हणाली, "कात्री आण गं."

टोक कापून तिने ते केरात टाकलं. "हे आता लागायचं नाय," म्हणाली.

त्यानंतर दोन जयंत्या झाल्या. नवे कपडे आले, नवा करदोडाही आला, पण माय आता नवा दोरा जुन्याला लावून मोजते आणि तेवढाच बांधते. साखर ठीक आहे. जाळी टिकली आहे. मी तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढतो. माझी कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत आली आहे आणि तिथेच राहिली आहे.